नातलगांची जबानी

इ. स. 1817 मध्ये लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी 'ॲन एसे ऑन द शेकिंग पाल्सी' या नावाची एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि तीत ज्या सहा रोग्यांच्या हकिकती त्यांनी नमूद केल्या त्यांपैकी काहींना त्यांनी केवळ रस्त्यातून जाताना पाहिले होते. एकाची तर दुरून दिसलेली चाल एवढाच त्यांचा पुरावा होता. स्वस्थ बसले असता कापणारा हात, पुढे कललेले धड, चालता चालता धावण्याकडे ओढली जाणारी पावले आणि या साऱ्या दुर्दशेत शाबूत राहिलेली बुद्धी, ही लक्षणे त्यांनी अशा नेमकेपणाने टिपली की पुढे पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील महापंडित शार्को यांनी या व्याधीला पार्किन्सन यांचेच नाव दिले. तथापि त्याच पुस्तिकेत पार्किन्सन यांनी एक अडचणही मोकळेपणाने सांगून ठेवली आहे: या रोगाचा आरंभ इतका सूक्ष्म आणि पाऊल इतके मंद असते की तो नेमका केव्हा जडला हे रोग्याला स्वतःलाही सहसा सांगता येत नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय त्या अडचणीतून निघालेला आहे. रोग दिसण्यापूर्वी तो असतो काय, आणि असल्यास रोग्याच्या रक्ताच्या माणसांत त्याची चाहूल पाहता येईल काय, या दोन प्रश्नांभोवती गेल्या शतकाच्या उत्तरार्धात एक विलक्षण विद्या उभी राहिली. आणि माझ्या मते तिचा इतिहास जितका यंत्रांचा आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, ज्यांना काहीही झालेले नव्हते अशा भावाबहिणींचा, मुलांचा आणि जुळ्या भावंडांचा आहे.

आनुवंशिकतेची शंका जुनीच. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ गॉवर्स यांनी 1888 च्या आपल्या ग्रंथात शेकडा सुमारे पंधरा रोग्यांच्या घराण्यात हा आजार आढळल्याची नोंद केली होती. परंतु अशा नोंदी ज्या जबानीवर आधारलेल्या असतात ती जबानी मोठी अशक्त असते. "घरात आणखी कुणाला होतं का असं?" हा प्रश्न वैद्याने विचारावा आणि "आजोबांचा हात कापायचा, पण वयच झालं होतं त्यांचं" असे उत्तर मिळावे, हा प्रकार लंडनमध्ये तसाच पुण्यामुंबईतही कोणत्याही मेंदूविकारतज्ज्ञाच्या नित्याच्या अनुभवातला आहे. आजोबांचे वय झाले होते हे खरे, आणि त्यांना कंपवात होता हेही कदाचित खरे. पण दप्तरात त्याचा दाखला नाही, आणि ज्यांची कंपाची वेळ येण्यापूर्वीच पटकीने वा क्षयाने अखेर झाली त्या आप्तांविषयी तर कोणी काय सांगावे?

त्यातच 1917 नंतर युरोपात व अमेरिकेत 'एन्सेफलायटिस लेथार्जिका' या निद्रारोगाची जी भयंकर साथ आली तिने या शंकेवर जणू पडदाच टाकला. त्या साथीतून वाचलेल्या असंख्य माणसांना पुढे पार्किन्सनसदृश जडत्व आले, तेव्हा हा रोग बाहेरून येतो, संसर्गाने येतो, अशी समजूत विद्वानांत दृढ होत गेली. 1963 साली पॉस्कांझर आणि श्वाब या दोन अमेरिकन वैद्यांनी तर असा अंदाज वर्तवला की साथीत सापडलेली पिढी संपली म्हणजे 1980 च्या सुमारास हा रोगही बव्हंशी संपुष्टात येईल. तसे काही घडले नाही. परंतु वारशाचा दावा कमकुवत आहे ही भावना टिकून राहिली, आणि 1983 मध्ये जुळ्यांच्या एका प्रसिद्ध अभ्यासाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. वॉर्ड, डुव्हॉयसिन, काल्न आदी संशोधकांनी 43 समरूप जुळ्यांच्या जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीतील एकाला रोग होता, आणि दुसऱ्यालाही तो निश्चितपणे असल्याचे अवघ्या एका जोडीत आढळले. ज्यांचे जनुकधन तंतोतंत एक, त्यांतही रोग जर असा एकट्यालाच गाठतो, तर वारशाला येथे फारसे स्थान नाही, असा फैसला त्यांनी दिला, आणि तो तर्कशुद्ध होता. उणीव होती ती साधनात. दुसऱ्या जुळ्याचा हात कापत नाही एवढेच डोळ्याला सांगता येत होते. त्याच्या मेंदूत काय चालले आहे याविषयी डोळा मुका होता.

मेंदूच्या आतील हकिकत तोवर मृतांकडूनच कळत आली होती. 1919 साली पॅरिसमध्ये त्रेत्याकोफ या तरुण वैद्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले की या रोगात मेंदूच्या मध्यभागातील काळसर पेशींचा पुंजका, ज्याला शास्त्रात सब्स्टॅन्शिया नायग्रा म्हणतात, झिजून फिकट पडलेला असतो. त्या पेशी काय काम करतात हे समजायला आणखी चाळीस वर्षे लागली, आणि त्या शोधाच्या वाटेवर आपल्या देशातील एका वनस्पतीचा मुक्काम आहे, तो येथे सांगणे अवश्य वाटते. सर्पगंधेची मुळी वैद्यांच्या बटव्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबावरील तिच्या गुणाचा पद्धतशीर वृत्तान्त प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून पाश्चात्त्य जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. हेच रिसर्पीन टोचलेले ससे निश्चेष्ट पडून राहतात आणि डोपा, म्हणजे ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो ते द्रव्य, दिल्यावर काही मिनिटांत पुन्हा हालचाल करू लागतात, हे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये पाहिले, आणि त्यातून डोपामिन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य असल्याचे त्यांनी ओळखले. 2000 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कार्यासाठी. पुढे व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकीविच यांनी शवविच्छेदनातून मिळालेल्या मेंदूंचे अर्क काढून त्यांत आयोडीनची रंगपरीक्षा केली. निरोगी मेंदूच्या अर्काला गुलाबी छटा आली. पार्किन्सनच्या रोग्यांच्या मेंदूचा अर्क जवळजवळ बेरंगच राहिला. डोपामिनचा अभाव हॉर्निकीविच यांनी प्रथम असा परीक्षानळीत, साध्या नजरेने पाहिला. 1960 मध्ये तो निष्कर्ष छापून आला, आणि त्यातून लेव्होडोपाचा उपचार निघाला, ज्यावर आजही लक्षावधी रोगी दिवस काढीत आहेत.

आता उरले ते डोपामिन जिवंत माणसात पाहणे. 1971 पासून प्रचारात आलेले सी.टी. यंत्र येथे निरुपयोगी ठरले, कारण ते मेंदूचा आकार दाखवते आणि या रोगात प्रारंभी आकार बदलत नाही, काम बदलते. काम पाहण्याची किमया साधली ती 1983 मध्ये, कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅक्मास्टर विद्यापीठात. गार्नेट, फिर्नाउ व नाहमियास या तिघांनी डोपाच्या रेणूला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडले आणि हे फ्लोरोडोपा माणसाच्या शिरेत सोडले. मेंदू त्याला आपलेच डोपा समजून आत घेतो, त्याचे रूपांतर करतो आणि ज्या मज्जातंतूंच्या टोकांत डोपामिन साठवायचे तेथेच ते साठवतो. मग तेथून निघणारे पॉझिट्रॉन लगतच्या इलेक्ट्रॉनांना भेटून नाहीसे होतात, प्रत्येक भेटीतून दोन किरण परस्परविरुद्ध दिशांना सुटतात, आणि डोक्याभोवतीच्या कड्यातील शोधक त्यांची गाठ घालून उगमस्थान निश्चित करतात; याच यंत्राला पेट म्हणतात. या फ्लोरिनचा अर्धायुकाल केवळ 110 मिनिटांचा असल्याने ते बनवणारा सायक्लोट्रॉन रुग्णालयाच्या आसपासच असावा लागतो. चाचणीला आलेल्या माणसाने उपाशीपोटी यायचे, तासभर आधी कार्बिडोपाची गोळी घ्यायची म्हणजे डोपा वाटेतच खर्ची पडत नाही, आणि डोके हलू नये म्हणून साच्यात बसवून सुमारे दीड तास निश्चल पडून राहायचे; कंपवाताच्या रोग्याला ही शेवटची अट काय पडत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

निरोगी मेंदूत या चित्रावर दोन्ही बाजूंना जी उजळ आकृती उमटते ती स्वल्पविरामासारखी असते, आणि रोग जडला की तिची शेपटी, म्हणजे पुटामेन या भागाची मागली बाजू, प्रथम विझते व मागे टिंब उरते. हात उजवा कापत असेल तर मेंदूची डावी शेपटी आधी जाते. अंदाज असा आहे की लक्षणे उघड होईतो सब्स्टॅन्शिया नायग्रातील निम्म्याच्या आसपास पेशी आणि पुटामेनमधील त्याहून पुष्कळ मोठा डोपामिनचा वाटा गमावलेला असतो. म्हणजे रोग आणि लक्षण यांच्यामध्ये काही वर्षांचा एक निःशब्द प्रदेश आहे, आणि नव्या यंत्राला त्या मुलखात पाऊल टाकता येईल अशी आशा निर्माण झाली.

ती आशा अनाठायी नाही याचा पहिला पुरावा एका दुर्घटनेतून आला. 1982 मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात काही तरुणांनी चोरट्या प्रयोगशाळेत बनवलेले कृत्रिम हेरॉइन टोचून घेतले, आणि त्यातील एम.पी.टी.पी. नामक भेसळीने ते थोड्याच दिवसांत काष्ठवत् झाले. विल्यम लँग्स्टन यांनी या विषाचा छडा लावला. परंतु त्याच विषाशी संबंध आलेले, तरीही धडधाकट हिंडणारे काही लोक होते. त्यांचे व्हँकूव्हरमध्ये पेट यंत्रावर चित्रण झाले तेव्हा त्यांच्याही मेंदूत फ्लोरोडोपाची साठवण घटलेली आढळली. लक्षण नसलेल्या जिवंत माणसात हानी दिसण्याचा हा प्रसंग 1985 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या लेखकांत तेच डोनाल्ड काल्न होते ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी जुळ्यांच्या आधारे वारशाची बाजू निकालात काढली होती.

येथून पुढे नातलगांची खरी पाळी आली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात, जेथे 1955 पासून वैद्यकीय सायक्लोट्रॉन चालत होता, डेव्हिड ब्रूक्स यांच्या गटाने प्रथम एका आयरिश घराण्यातील आप्तांचे चित्रण केले, आणि 1997 मध्ये पाओला पिचिनी यांनी सात घराण्यांतील 32 निरोगी आप्तांचा वृत्तान्त दिला. सुमारे एक तृतीयांशांच्या पुटामेनमध्ये साठवण खाली आलेली होती, आणि त्यांपैकी काहींना पुढे प्रत्यक्ष रोग झाला. मग जुळ्यांचा जुना खटला नव्याने चालवला गेला. 34 जोड्यांतील ज्या भावंडांना काहीच होत नव्हते त्यांच्या मेंदूतील डोपामिनचा हिशेब मांडल्यावर असे दिसले की समरूप जुळ्यांत दोघांमध्येही हानी असण्याचे प्रमाण शेकडा 55 आहे आणि असमरूप जुळ्यांत अवघे 18. काही वर्षांनी यांतील अनेकांचे पुन्हा चित्रण केले तेव्हा ही तफावत आणखी रुंदावली. 1999 मध्ये हा लेख छापून आला. ज्या दुसऱ्या जुळ्याला 1983 मध्ये निरोगी म्हणून सोडून दिले गेले होते, तशा माणसाला येथे पहिल्यांदाच नीट विचारले गेले. आणि हे उत्तर देण्यासाठी तो माणूस, स्वतःला कसलाही लाभ नसताना, एकदा नव्हे तर दोनदा त्या कड्यात डोके घालून पडला. वैद्यकाच्या इतिहासात रोग्यांच्या त्यागाविषयी पुष्कळ लिहिले जाते. निरोग्यांच्या या निःस्वार्थ सेवेविषयी फारच थोडे, आणि ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते.

याच दशकात वारशाचा दावा दुसऱ्या बाजूनेही सिद्ध होत होता. इटलीच्या सालेर्नो प्रांतात कॉन्तुर्सी नावाचे, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले एक डोंगरी गाव आहे. तेथून अमेरिकेत गेलेल्या काही कुटुंबांतील रोगी न्यू जर्सीतील रॉजर डुव्हॉयसिन आणि लॉरेन्स गोल्ब यांच्याकडे आले, आणि या निरनिराळ्या रोग्यांचे मूळ एकाच गावी पोचते हे ध्यानात आल्यावर अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर वंशावळ जुळवण्याचे काम सुरू झाले. साठाच्या आसपास बाधित माणसे असलेले ते प्रचंड घराणे 1990 पासून शास्त्राच्या दप्तरात दाखल झाले. त्या घराण्यात रोग सरासरी चाळिशीच्या उत्तरार्धातच जडत असे आणि पिढीगणिक सरळ उतरत असे. 1997 मध्ये पॉलिमेरोपूलोस व सहकाऱ्यांनी त्याचे कारण शोधले: अल्फा-सिन्यूक्लीन नावाचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातील एका अक्षराचा फेरफार. त्याच वर्षी असे आढळले की हेच प्रथिन, फेरफार नसलेल्या सामान्य रोग्यांच्या मेंदूतही, पेशींच्या आत आढळणाऱ्या लेव्ही पिंड नावाच्या गोळ्यांत साचलेले असते. डुव्हॉयसिन यांचे नाव 1983 च्या निकालपत्रावरही होते आणि कॉन्तुर्सीच्या वंशावळीवरही आहे. नवा पुरावा समोर येताच त्यांनी आपलाच निर्णय फिरवला. विद्वत्तेचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

तथापि कॉन्तुर्सीसारखी घराणी विरळा. बहुसंख्य रोग्यांच्या भावाबहिणींना व मुलांना धोका इतरांहून दोन-तीन पटींनी अधिक असतो खरा, पण मूळ धोकाच लहान असल्याने त्यांतील बहुतेकांना हा रोग आयुष्यात कधी होत नाही. 2004 मध्ये सापडलेल्या एल.आर.आर.के.2 या जनुकाचा फेरफार वारशाने आलेली कित्येक माणसेही वृद्धापकाळापर्यंत निरोगी राहतात. अशा शेकडो आप्तांना महागड्या पेट यंत्राखाली घालणे शक्य नव्हते. तेव्हा दोन सोयी झाल्या. एक, डोपामिन पुन्हा आत ओढून घेणाऱ्या वाहक प्रथिनाला चिकटणारे आयोडीनयुक्त द्रव्य निघाले, ज्याचा अर्धायुकाल 13 तासांचा असल्याने ते दूरच्या गावीही धाडता येते आणि स्पेक्ट नावाच्या साध्या यंत्रावर चालते. युरोपात ते 2000 मध्ये व अमेरिकेत 2011 मध्ये मान्य झाले. दुसरी सोय नाकाची. या रोगात वास घेण्याची शक्ती हातापायांच्या कित्येक वर्षे आधी मंदावते, हे कळून चुकले होते. ॲम्स्टरडॅममध्ये 361 निरोगी आप्तांची प्रथम घ्राणपरीक्षा घेण्यात आली आणि ज्यांचे नाक अधू निघाले त्यांचे चित्रण झाले. दोन वर्षांत अशा 40 जणांपैकी चौघांना रोग झाला, आणि चौघांच्याही चित्रात हानी आधीच दिसली होती.

अमेरिकेत न्यू हेवनच्या केनेथ मारेक आणि डॅना जेनिंग्ज यांनी हीच रीत मोठ्या प्रमाणावर राबवली. घ्राणपरीक्षेच्या पुस्तिका टपालाने घरोघर गेल्या. पेन्सिलीने घासले की दरवळणारे चाळीस ठिपके, प्रत्येकाखाली चार पर्याय, आणि त्यांपैकी एकावर खूण; रोग्याची मुलगी वा भाऊ आपल्या स्वयंपाकघरातल्या मेजावर बसून ती भरी आणि परत टपालात टाकी. सुमारे पाच हजार लोकांनी त्या भरून पाठवल्या. 2017 मध्ये जाहीर झालेला निष्कर्ष विलक्षण होता: घ्राणशक्ती मंद आणि चित्रातही स्पष्ट हानी, अशा 21 जणांपैकी 14 जणांना चार वर्षांच्या आत रोग झाला, नाक मंद पण चित्र निर्दोष अशा 109 जणांपैकी केवळ तिघांना. दोनशे वर्षांपूर्वी पार्किन्सन यांना जो आरंभ पकडता आला नव्हता तो या 14 जणांत पुष्कळ अंशी पकडला गेला होता.

चित्राची साक्षही अर्थात निर्विवाद नसते. रोगाच्या प्रारंभी उरलेले तंतू अधिक डोपा आत घेऊन तूट भरून काढतात, त्यामुळे फ्लोरोडोपाचे चित्र वास्तवाहून बरे दिसू शकते. उलट वाहक प्रथिन मेंदू आपण होऊन कमी करतो, त्यामुळे स्पेक्टचे चित्र हानी फुगवून सांगू शकते. शिवाय त्याच स्वरूपाची घट इतर काही विकारांतही होते, तेव्हा नुसते चित्र पार्किन्सनचे नाव घेऊ शकत नाही. 1995 मध्ये जर्मनीत बेकर यांनी कानशिलातून ध्वनिलहरी सोडून सब्स्टॅन्शिया नायग्रा पाहण्याची स्वस्त पद्धत काढली; पण तिची खूण निरोगी प्रौढांपैकी शेकडा नऊ-दहांतही सापडते.

आपल्याकडे या विषयाचा एक धागा मुंबईच्या पारशी वसाहतींत आहे. डॉ. नादिर भरुचा व सहकाऱ्यांनी तेथील 14,010 रहिवाशांची घरोघर जाऊन पाहणी केली आणि 1988 मध्ये, लाखामागे सुमारे 328 जणांना हा रोग असल्याचे जाहीर केले. भारतातील इतर पाहण्यांच्या मानाने हा आकडा बराच मोठा. पण तो समाज दीर्घायुषी, त्याचे सरासरी वयच जास्त, म्हणून त्यातून एकट्या रक्ताचा दोष काढणे घाईचे होईल, आणि संशोधकांनीही तशी घाई केली नाही. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली देशातील पहिले पेट यंत्र व वैद्यकीय सायक्लोट्रॉन आले. आता मोठ्या शहरांतून फ्लोरोडोपाचे चित्रण होते, आणि टेक्नेशियमवर आधारलेले ट्रोडॅट हे स्वस्त द्रव्यही वापरात आहे. परंतु हे सारे रोग्यासाठी, निदान संशयास्पद असले तर. रोग्याच्या निरोगी मुलांचे वर्षानुवर्षे चित्रण करणारी मोठी पाहणी उभी करण्याइतका पैसा व चिकाटी आपल्या संस्थांनी अजून दाखवलेली नाही. आणि ज्या देशात घराणी अजूनही एकमेकांना धरून आहेत, दूरच्या चुलत्यामावशीचीही प्रकृती कोणाला ना कोणाला ठाऊक असते, तेथे ही उणीव मला फार डाचते.

2010 मध्ये मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनने सुरू केलेल्या पी.पी.एम.आय. या आंतरराष्ट्रीय पाहणीत जनुकीय फेरफार असलेल्या निरोगी आप्तांनाही सामील करून घेतले जाते, आणि 2023 मध्ये त्या पाहणीतूनच असे दाखवले गेले की कण्यातून काढलेल्या द्रवात बिघडलेले अल्फा-सिन्यूक्लीन ओळखणारी चाचणी काही आप्तांत डोपामिनचे चित्र बिघडण्यापूर्वीही होकार देते. म्हणजे चित्राच्याही मागे आता एक मुक्काम सापडला आहे. परंतु रोगाची गती थोपवणारे औषध आजतागायत सिद्ध झालेले नाही, आणि म्हणून "मीही करून घेऊ का ते स्कॅन?" असे रोग्याच्या मुलीने विचारले तर जाणता मेंदूविकारतज्ज्ञ, तिला काही लक्षण नसल्यास, सहसा नको म्हणतो: चित्र वाईट निघाले तर हाती देण्यासारखे काही नाही, चांगले निघाले तरी दहा वर्षांची हमी नाही. संशोधनासाठी ती स्वखुशीने पुढे आली तर गोष्ट वेगळी. तेव्हा अशा अनेक पाहण्यांत तिच्यासमोर येणाऱ्या संमतिपत्रात, यंत्राची, सुईची व किरणांची माहिती देऊन झाल्यावर, तिचा स्वतःचा निकाल तिला कळवावा की कळवू नये हेही विचारलेले असते, आणि तेथे ती जे लिहील ते पाळले जाते.